आठ नंबरची पाटी

रविकांत पेठकरांना तमिळ बोलता येई, तमिळमध्ये भांडता येई, भाजीवालीशी घासाघीसही करता येई. वाचता मात्र येत नसे. अडतीस वर्षं तमिळ मुलखातल्या आवडी गावात नोकरी केलेल्या माणसाला हे शोभत नाही, असं त्यांची बायको सुनंदा महिन्यातून एकदा तरी म्हणायची. ती स्वतः शेजारच्या क्वार्टरमधल्या बायकांकडून अक्षरं गिरवायला शिकली होती आणि आता तमिळ साप्ताहिकातल्या गोष्टी वाचून पदरानं डोळे पुसायची. रविकांतांचं उत्तर ठरलेलं होतं. "बसचा नंबर वाचता येतो ना, मग पुरे." हा आळस पुढे त्यांच्या अंगाशी येणार होता, पण आळशी माणसाला ते आधी कुठं कळतं?

ते मूळचे कोपरगावचे. बाविसाव्या वर्षी आवडीच्या संरक्षण कारखान्यात तपासणी विभागात फोटोग्राफर म्हणून चिकटले. फोटोग्राफर म्हटलं की लोकांना लग्नकार्य आठवतं. यांनी जन्मभर पोलादाच्या प्लेटांचे फोटो काढले. नवी प्लेट आली की तिला स्टुलावर उभी करायची, शेजारी खडूनं नंबर लिहिलेली दगडी पाटी ठेवायची आणि एक फोटो घ्यायचा. तो 'आधीचा'. मग नंबरवारीनं एकेक प्लेट चाचणीला जाई, तिच्यावर गोळे झाडले जात, आणि ती चेचलेली, भोकं पडलेली प्लेट परत त्याच स्टुलावर, त्याच उजेडात, त्याच पाटीशेजारी उभी राही. तो फोटो 'नंतरचा'. दोन्ही लागले की त्या नंबरची फाईल बंद. सात नंबरच्या आधी आठ नंबर कधी चाचणीला गेला नाही. सरकारी काम होतं ते.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या मुलानं, तन्मयनं, त्यांना चांगला कॅमेरा घेऊन दिला. तन्मय सिरुसेरीला सॉफ्टवेअरमध्ये, राहायला तिकडेच. आईवडिलांच्या हाताला काही तरी उद्योग असावा, एवढाच त्याचा हेतू. रविकांत आवडीहून लोकल धरत आणि शहरातल्या जुन्या गल्ल्या हिंडत. हिंडता हिंडता ते तिरुवल्लिक्केणीतल्या चिन्नतंबी गल्लीत पोचले आणि तिथेच रुतले. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना ओट्यांची कौलारू घरं, ओट्यांना लाकडी खांब. तिथे कळलं, की ही गल्ली रुंद करायची ठरली आहे. आज ना उद्या घरं जाणार. रविकांतांच्या अंगातला तपासनीस जागा झाला. म्हणजे याचा 'आधीचा' फोटो हवा!

त्यांनी माळ्यावरची जुनी पाटी खाली काढली. गल्लीतल्या एकेका माणसाला त्याच्या ओट्यावर बसवायचं, हातात नंबरची पाटी द्यायची आणि फोटो काढायचा. माणसाच्या हातात अशी पाटी फक्त तुरुंगात देतात, हे त्यांना कुणी तरी सांगायला हवं होतं. पण गल्लीतल्या लोकांना गंमत वाटली. एक नंबर रामस्वामी, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. दोन नंबर त्रिपुरसुंदरी, फुलांचे गजरे विकणारी, कधी शिंकसुद्धा न आलेली बाई. तीन नंबर सायकल दुरुस्त करणारा म्हातारा, तो तेव्हाच अंथरुणाला खिळलेला. त्याला खाटेसकट ओट्यावर आणलं होतं. असे एकूण एकतीस झाले. प्रत्येकाला त्यांनी फोटोची मोठी प्रत फुकट दिली. काहींच्या आयुष्यातला तो एकुलता एक धड फोटो होता.

आणि म्हणूनच तो फोटो भिंतीवर आला.

त्या भागात माणूस गेलं, की दोन-तीन तासांत त्याचं पोस्टर भिंतींवर लागतं. मधोमध फोटो, खाली नाव, जन्माची तारीख, मृत्यूची तारीख आणि मागे राहिलेल्यांची नावं. चिन्नतंबी गल्लीची पोस्टरं नाक्यावरचा मुरली छापायचा. रामस्वामी गेला तेव्हा त्याच्या मुलानं रविकांतांनी दिलेला फोटोच मुरलीकडे नेला. मुरलीनं पाटी शोभत नाही म्हणून खालून कापली. पण अंगठे कसे कापणार? ते राहिले. रविकांत स्टेशनवरून येत होते आणि भिंतीवरून रामस्वामी त्यांच्याकडे बघत होता, त्याच नजरेनं, जी त्यानं फक्त त्यांच्या भिंगाकडे टाकली होती. खाली दोन अंगठे, काही तरी घट्ट धरून ठेवलेले. काय धरलंय ते फक्त रविकांतांना माहीत होतं.

त्रिपुरसुंदरीला बसनं उडवलं. पुन्हा भिंत, पुन्हा अंगठे. तीन वर्षं खाटेवर कण्हणारा सायकलवाला मग गेला, आणि लोक म्हणाले, सुटला. चार नंबरची आजी नव्वदीची, अन्नपाणी सोडून महिना झाला होता. तीही जणू कुणाची वाट बघत थांबली होती. सायकलवाल्यानंतर पाचव्या दिवशी तीही गेली. पाच नंबर गेला तेव्हा रविकांतांनी घरी येऊन फोटोंच्या नंबरांचं रजिस्टर काढलं आणि एक ते पाच नावांवर बोट फिरवलं. क्रम एकदाही चुकला नव्हता.

योगायोग, असं त्यांनी स्वतःला बजावलं. सहा नंबर बँकेतला कारकून होता, पन्नाशीचा, रोज सकाळी मरीनावर तासभर चालणारा. हा काही इतक्यात जात नाही, याच्यापाशी साखळी तुटेल, असा त्यांचा हिशेब. सुपारी फुटावी तसा तो हिशेब एका सकाळी फुटला. कारकून वाळूत चालता चालता बसला, तो उठलाच नाही.

सात नंबरला राजसबाई होती. आणि आठ नंबरला सुनंदा.

त्या दिवशी सुनंदा पार्थसारथीच्या दर्शनाला म्हणून बरोबर आली होती. राजसबाईंचा फोटो झाला, उजेड सुरेख होता. "माझाही काढा की एक, सगळ्या जगाचे काढता," असं ती म्हणाली. रविकांतांनी सवयीनं सातचा आकडा पुसला, आठ लिहिला आणि पाटी तिच्या हातात दिली. हात झडले असते तर बरं झालं असतं, असं पुढे त्यांना हजारदा वाटलं.

हे त्यांनी सुनंदाला सांगितलं नाही. काय सांगणार? त्यांनी दुसराच मार्ग धरला. राजसबाई जगली पाहिजे.

राजसबाई चार वीसा आणि वर दोन, असं स्वतःचं वय सांगायची आणि ऐकणाऱ्याला गोंधळात टाकून हसायची. म्हणजे ती ब्याऐंशीची होती. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातली. नवरा कोर्टात कारकून होता, तो जाऊन वीस वर्षं झाली; मूलबाळ नाही. गल्लीतल्या निम्म्या बायकांची पोलकी तिच्या मशीनवर शिवलेली. तिचं हृदय कमजोर झालं होतं आणि गोळ्या ती मनाला येईल तशा घ्यायची. तिचं मराठी ऐकलं की रविकांतांना वाटे, कुणी तरी अडीचशे वर्षांपूर्वीचं पत्र वाचून दाखवतंय आणि मधेच तमिळमध्ये खोकतंय.

आठ महिने, रविवार सोडून रोज, रविकांत तिच्यासाठी डबा घेऊन गेले. सुनंदा कमी मिठाचं वरण आणि मऊ भात करून द्यायची. गोळ्या ते समोर बसून घ्यायला लावत. महिन्याला धर्मादाय दवाखान्यात नेत. जिना चढू देत नसत, पाण्याची कळशी उचलू देत नसत. आपला नवरा म्हातारपणी एवढा दयाळू निघाला, म्हणून सुनंदा शेजारणींना कौतुकानं सांगायची. ते ऐकताना रविकांत वर्तमानपत्र तोंडापुढे धरत.

तोवर गल्ली रिकामी झाली होती. एकेक कुटुंब पैसे नाही तर दूरची खोली घेऊन निघून गेलं. दारं, खिडक्या, कौलं लोकांनी काढून नेली. भिंतींवर कॅलेंडरं तेवढी राहिली, कुठं जुलैची, कुठं नोव्हेंबरची, ज्या महिन्यात जे घर उठलं त्या महिन्याची. दोन्ही टोकांना निळे पत्रे लागले. आणि अशा त्या गल्लीत रविकांत सकाळी पोचले, की प्रत्येक मोडक्या घराच्या उंबऱ्यापुढे ताजा कोलम दिसे. तांदळाच्या पिठाचे ठिपके, त्याभोवती रेघ, सडा अजून ओला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पत्र्यापाशीच थबकले. आत माणूस नाही, छप्पर नाही, आणि दारात रांगोळी. नंतर कळलं, की ती राजसबाई घालते, पहाटे उठून सगळ्या घरांपुढे.

"तेथें लोक राहात होते न," ती म्हणाली. "मग?"

तेव्हापासून रविकांत कोलम चुकवून चालू लागले.

जूनच्या नऊ तारखेला, सकाळी दहाच्या सुमाराला, डबा हातात घेऊन रविकांत नाक्यावर आले आणि भिंतीवर त्यांना राजसबाई दिसली.

तोच फोटो. नऊवारी, कपाळावर कुंकवाच्या जागी बारीक काळी टिकली, ओठांवर अर्धं हसू. खाली दोन अंगठे. फोटोभोवती छापील हार. त्यांनी पहिली गोष्ट काय केली, हे सांगायला त्यांना पुढे फार जड गेलं. त्यांनी राजसबाईंच्या घराकडे धाव घेतली नाही. खिशातून फोन काढला आणि घरी लावला.

"तू बरी आहेस ना?"

"कढईत तेल आहे माझ्या," सुनंदा म्हणाली. "मला काय धाड भरलीय? काय झालं?"

"काही नाही. गॅस बंद कर. बसून राहा."

"अहो, पण—"

त्यांनी फोन ठेवला. मग पोस्टरवरचं जेवढं वाचता येत होतं तेवढं त्यांनी वाचलं, आकडे. जन्माचं वर्ष बरोबर होतं. मृत्यूची तारीख होती चौदा जून. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चौदाच. आज नऊ होती.

राजसबाईंचं दार उघडंच होतं. ती ओट्यावर खांबाला टेकून बसली होती आणि मसूर निवडत होती.

"वांगो राव, या," ती म्हणाली. "पोस्टर पाहूनच आलांत न? तुम्ही पहिले."

रविकांत पायरीवर बसले. "बाई, हे काय चालवलंय?"

"अस्के, सगळे, गेले. कोणी तांबरम, कोणी पोरूर. मी गेल्यावर कोण येईल तें मी गेल्यावर मज कसें कळेल? म्हणून मुरलीस म्हटलें, आधींच चिकटव. तो रडूं लागला. म्हटलें, पोदुम, पुरे रे, छापायचें काम तुझें, रडायचें नाही." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "परवां रात्रीं चिकटवलें. एक दिवस गेला. कोणी आलें नाही. तुम्ही आलांत."

"आणि ती तारीख?"

"तारखेशिवाय पोस्टर बरें दिसत नाही, म्हणे मुरली. चौदास घर ताब्यांत घेणार. मज बाहेरगांवीं चौदाव्या मजल्यावर खोली दिली आहे. मी पुष्कळ पाहिलें, राव. चौदाच्या पुढचें मज कांही दिसतच नाही."

ती हे भाजीच्या भावाइतक्या सहज बोलली, आणि रविकांतांनी मनात मोजलं. पाच दिवस. त्यांच्या तोंडून मग जे आठ महिने बाहेर पडलं नव्हतं ते सगळं बाहेर पडलं. प्लेटा, पाटी, एक ते सहा. सात कोण आणि आठ कोण. डबा का आणि गोळ्या का. "बाई, मी तुमच्यासाठी येत नव्हतो," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले.

सगळं संपल्यावर राजसबाई उठली, भिंत धरून आत गेली. भांड्याचा आवाज झाला. ती कालचा डबा घासून, पुसून घेऊन आली आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"उद्यांपासून नक्को," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. त्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज रविकांतांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

दहा, अकरा, बारा. रविकांत गेले, दार उघडलं नाही. डबा ओट्यावर ठेवून ते समोरच्या पडक्या घरात बसून राहत. कोलम मात्र रोज पडलेले असत, म्हणजे ती होती. स्टेशनकडे परतताना पोस्टरकडे बघायचं नाही असं ते ठरवत आणि बघत. दहालाच त्यांना दिसलं, की पोस्टरच्या तळाशी कागदाची एक नवी पट्टी चिकटवली आहे, बाकीच्या कागदाहून पांढरी, वर एकच ओळ. असेल काही तारखेबद्दल, असं त्यांना वाटलं. कुणाला विचारायची हिंमत झाली नाही.

तेराला दार उघडलं. ती उंबऱ्यात उभी होती, चेहरा उतरलेला.

"उद्यां तुझ्या बायकोस घेऊन ये," ती म्हणाली. 'राव' गेला होता, 'तुम्ही'ही गेलं होतं. "आणि ती पाटी."

चौदाला सकाळी लोकलमध्ये अंबत्तूर गेल्यावर रविकांतांनी सुनंदाला सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. विल्लिवाक्कम आलं, गेलं. तिनं मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरली होती.

"म्हणजे आठ महिने मी त्या म्हातारीसाठी भात मऊ शिजवत होते, तो माझाच होता," ती अखेर म्हणाली.

"सुनंदा—"

"मला सांगायचं होतं. भ्यायचंच होतं, तर दोघं मिळून भ्यालो असतो." मग तिनं नाक पुसलं. "आणि त्या बाईला तोंडावर सांगितलंत? तुझ्यासाठी येत नव्हतो म्हणून? अहो, खरं बोलायचं असलं तरी माणूस बघून बोलावं."

तिला ते पोस्टर दिसू नये म्हणून रविकांतांनी तिला मागच्या बाजूनं, मासळीबाजाराकडून गल्लीत नेलं. पत्र्याच्या फटीतून आत शिरले आणि सवयीनं त्यांची नजर उंबऱ्यांवरून गेली. प्रत्येक पडक्या दारापुढे कोलम होता, रोजच्याहून मोठा. फक्त राजसबाईंचं अंगण कोरडं होतं. ना सडा, ना रेघ.

सुनंदानं त्यांचा दंड धरला. ज्या घरात मयत असतं, त्याच घरापुढे इकडे कोलम घालत नाहीत. हे तिला अक्षरांच्याही आधी कळलं होतं.

राजसबाई न्हाऊन, धुतलेलं नऊवारी नेसून ओट्यावर बसली होती. सामान काही बांधलेलं दिसत नव्हतं. तिनं सुनंदाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हीच का आठ?"

"हीच," सुनंदा म्हणाली आणि वाकून तिच्या पाया पडली. "वरणात मीठ कमी असायचं का हो?"

"नव्हतेंच," राजसबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या. रविकांतांना हसू आलं नाही. ते सारखे घड्याळ बघत होते. अधिकारी चारला येणार होते.

तिघं जेवली. राजसबाईंनी दोन घास जास्त खाल्ले. मग तिनं हात पुसून पाटी मागितली.

"तुझ्या फॅक्टरींत आधींचा आणि नंतरचा, असे दोन काढतात न? माझा आधींचा झाला. आतां नंतरचा काढ. सात लिही."

"बाई, नंतरचा म्हणजे..." रविकांतांच्या हातातला खडू थांबला.

"मज ठाऊक आहे. तरी काढ. मी बसल्ये आहें तोंवर काढ."

त्यांनी सात लिहिला. तोच ओटा, तोच खांब, दुपारचा तसाच उजेड. मागे मात्र आता घरं नव्हती, नुसतं आभाळ होतं. राजसबाईंनी पाटी छातीशी धरली. शटरचा आवाज झाला.

"दोन्ही झाले. आतां या आकड्याचें काय? नियम काय तुझा?"

"फाईल बंद," रविकांत पुटपुटले. आणि बोलता बोलता ते तिच्याकडे बघतच राहिले. अडतीस वर्षं ज्या नियमानं त्यांनी काम केलं, तो त्यांना त्या क्षणी कळला: दोन्ही फोटो लागले, की त्या आकड्याची पाळी संपते.

"मग उभा का? आठाची पण कर."

सुनंदा तिच्या शेजारी जाऊन बसली. तिनं धरलेली पाटी एका बाजूला कलत होती. राजसबाईंनी खालून तिच्या कोपराला आधार दिला. भिंगातून रविकांतांना बायको धूसर दिसत होती आणि भिंगात काही बिघाड नव्हता. त्यांनी बाहीनं डोळे कोरडे केले आणि बटण दाबलं.

"सेरी," राजसबाई म्हणाली. "झाली फाईल." तिनं पाटी आपल्याकडे घेतली आणि खांबाला डोकं टेकलं.

चारला दहा मिनिटं असताना गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. आजचा दिवस राहू द्या, एवढं विनवायला रविकांत पुढे गेले. साहेब भला माणूस होता; अर्धा तास देतो म्हणाला. रविकांत परतले तेव्हा सुनंदा ओट्याच्या खाली उभी होती आणि तिनं तोंडावर हात घेतला होता.

राजसबाई तशीच बसली होती. डोळे मिटलेले, ओठांवर ते अर्धं हसू. दोन्ही अंगठे पाटीवर. पाटीवरचा आठ मात्र तिनं पदरानं पुसून टाकला होता. काळ्या दगडावर पांढुरका धब्बा तेवढा राहिला होता. सुनंदानं ती पाटी हातातून सोडवून घ्यायला पाहिली, तर सुटेना. शेवटी रविकांतांनी एकेक अंगठा हलकेच उचलला.

मुरलीला कळवायला दोघं नाक्यावर गेले. आता आडमार्गानं जाण्यात काही अर्थ नव्हता. भिंतीपाशी सुनंदा थांबली. रविकांत पुढे निघाले होते, ते मागे वळले. ती पोस्टर वाचत होती, बोट लावून, सावकाश, जशी ती नेहमी वाचायची.

"तारीख पाहिली मी," रविकांत म्हणाले. "चल."

"तारीख नाही. खाली बघा."

"मला वाचता येत नाही, तुला माहीत आहे."

"मागे राहिलेल्यांची नावं असतात इथे," ती म्हणाली आणि थांबली. "एकच नाव छापलंय. 'मुलगा, रविकांत.'"

रविकांत भिंतीला हात लावून उभे राहिले.

तेवढ्यात मुरली दुकानातून बाहेर आला. त्यानं दोघांचे चेहरे पाहिले आणि त्याला विचारावं लागलं नाही. डोळे पुसत तो बोलू लागला. मागे राहिलेल्याचं नाव मागितलं तेव्हा म्हातारीनं क्षणभर विचार न करता सांगितलं, असं तो म्हणाला. मी म्हटलं, तुला मुलगा कुठाय? तर म्हणाली, रोज डबा आणून समोर बसून गोळी घ्यायला लावतो, तो मग कोण?

"आणि नऊ तारखेला तुम्ही येऊन गेलात ना सर, त्या दुपारी ती पुन्हा आली," मुरली म्हणाला. "काठी टेकत, एकटी. फार रडलेली दिसत होती. मला वाटलं, नाव काढून टाक म्हणेल. मी ब्लेडसुद्धा घेतलं हातात. तर म्हणाली, एक नाव राहिलं आहे, तेवढं खाली चिकटव. नावं लिहिलेली माणसं मागे राहतात ना, म्हणाली, मग सुनेचंही लिही."

सुनंदाचं बोट त्या पांढऱ्या पट्टीवर होतं. तिला ते वाचून दाखवता येईना. रविकांतांना वाचता येत नव्हतं, तरी ते त्या एका ओळीकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मशानात कारकुनानं फॉर्म पुढे सरकवला. सगळा तमिळमध्ये. मयताचे तुम्ही कोण, तिथे सही करा, असं तो म्हणाला. रविकांतांनी बायकोकडे पाहिलं. सुनंदानं 'मुलगा' या शब्दावर बोट ठेवलं आणि त्यांनी तिथे सही केली.